भूपाल आण्णा आणि बारीक धूळ

ओमानमधल्या या सिमेंट कारखान्यात आलो, त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी पॅकिंग खात्यामागच्या, धूळ धरणाऱ्या सायक्लोनखाली उभा राहून पत्र्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केली. सवयीने केली. आवाज भरीव आला. मी फोरमनला म्हणालो, खाली तुंबलाय. फोरमन केरळचा. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याने झडप उघडायला लावली. आत दगडासारखा सिमेंटचा गोळा निघाला. त्याने विचारलं, कुठे शिकलास, डिप्लोमा केलास का? मी आठवीतून शाळा सोडलेली. हे सांगितलं तर परत पाठवतील असं वाटून मी फक्त ‘बेळगावला’ म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण खरं उत्तर ‘भूपाल आण्णा’ असं होतं.

भूपाल आण्णा निपाणीचे. त्यांचे वडील तंबाखूच्या वखारींना पत्र्याचे डबे आणि नरसाळी करून द्यायचे. आण्णाही त्याच कामात वाढले. पुढे एका वखारीत तंबाखू चाळताना उडणारा गर्दा धरायला काहीतरी कर म्हणून कुणीतरी त्यांना चित्र आणून दिलं. आण्णांनी चित्रावरून सायक्लोन केला. तो चालला. मग ते पत्र्याचे डबे करायचे थांबले आणि बेळगावच्या एका फौंड्रीत देखभाल खात्यात लागले. आठवडाभर बेळगावात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निपाणीला जायचे.

मी त्या फौंड्रीत आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. त्याआधी सहा वर्षं गोव्यात हॉटेलात भांडी आणि नंतर रोट्या केल्या होत्या. लग्न झालं म्हणून घराजवळ आलो. मला फेटलिंगला घातलं. ओतलेलं लोखंड थंड झालं की त्यावर चिकटलेली वाळू झाडायची आणि कडा ग्राइंडरवर घासायच्या, ते हे खातं. एका लांब शेडमध्ये ग्राइंडरची बारा स्टँडं. प्रत्येक स्टँडवर एक माणूस, डोळ्याला चष्मा आणि तोंडाला टॉवेल. शेडच्या या टोकाहून त्या टोकाचा माणूस दिसत नसे, इतकी धूळ.

माझ्या शेजारच्या स्टँडवर येल्लाप्पा होता. कडोलीकडचा. थोडी भातशेती होती, सकाळी शेतात जाऊन मग सायकलवरून कामाला यायचा. त्याचं तोंड कधी गप्प नसायचं. ग्राइंडर बंद झाला की टॉवेल खाली ओढून तो आधी बोलायचा, मग थुंकायचा.

माझी एक खोड होती, अजून आहे. ग्राइंडरचा दगड बदलायचा तर बटण बंद केलंय ना, हे मी तीनदा बघायचो. दोन पावलं जाऊन परत यायचो. येल्लाप्पा म्हणायचा, "परशराम, त्या बटणाशी लगीन लाव की." सगळे हसायचे. पंधराएक दिवसांनी आण्णा शेडमध्ये आले होते, त्यांनी हे बघितलं. सुपरवायझरला म्हणाले, "हा माणूस मला द्या."

"आण्णा, तो लई भित्रा हाय."

"म्हणून तर. न भिणारी तीन माणसं झाली माझ्याकडं. तिघांची मिळून सव्वीस बोटं हाईत."

असा मी फेटलिंगमधून निघालो. त्यावेळी मला वाटलं, बरं झालं, वाकून कंबर मोडायची तेवढी वाचली. आणखी काय वाचलं ते कळायला पाच वर्षं गेली.

आण्णा बुटके आणि गोरे होते. डोक्यावर पांढरी टोपी, संध्याकाळपर्यंत ती पांढरी राहायची नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी. वरच्या खिशात कायम उदबत्तीचा पुडा. नव्या माणसाला वाटे, देवभोळे आहेत. आण्णा उदबत्ती पेटवून पत्र्याच्या सांध्यासांध्यावरून फिरवायचे. धूर सरळ वर गेला तर सांधा घट्ट. धूर आत ओढला गेला तर तिथे फट. मग खडूने गोल करायचे आणि मला म्हणायचे, "हितं मार टाका." पत्रा मोजताना कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. मधेच कुणी मराठीत काही विचारलं तर मराठीत उत्तर द्यायचे आणि पुन्हा बरोबर त्याच आकड्यावरून कानडीत पुढे.

दिवस मावळायच्या आत ते जेवायचे. कुठलंही यंत्र बंद पडलेलं असो. साडेपाचला पालथ्या डब्यावर बसायचे, भाकरी, डाळ, एखादी फळभाजी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. येल्लाप्पा मुद्दाम समोर बसून कांदा फोडायचा. "आण्णा, वास तरी घ्या, वासाला पाप न्हाय."

"तुझ्या वासानंच पोट भरतंय रं माझं," आण्णा म्हणायचे.

पिण्याच्या पाण्याच्या नळाला त्यांनी दुहेरी पांढरं कापड बांधलं होतं. जैन माणूस पाणी गाळूनच पितो. रोज सकाळी ते कापड सोडायचे आणि उलटं करून हळू हाताने खळबळायचे. ते पाणी मोरीत टाकायचे नाहीत. बाहेरच्या हौदात नेऊन सोडायचे, कारण गाळलेल्यात जे जीव अडकले ते परत पाण्यातच गेले पाहिजेत. हौदाकडे ते चालले की आम्ही वाटेतून बाजूला व्हायचो. त्यांनी सांगितलं नव्हतं, तशी रीतच पडली होती.

कुणावर चिडले तर त्यांची एकच शिवी होती, ‘कापडी’. कापडी माणूस, कापडी काम, कापडी शेठ. जे ओढलं की फाटतं ते.

सायक्लोन म्हणजे काय हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं.

"उरुसात मौत का कुआँ बघिटलास न्हवं?"

बघितला होता. लाकडी फळ्यांची विहीर आणि आत भिंतीवर गोल गोल फिरणारी मोटारसायकल.

"गाडी जोरात हाय तवर भिंतीला चिकटून ऱ्हाती. जोर कमी झाला की काय होतंय?"

"खाली येती."

"आता गाडी म्हंजे धूळ. पंखा हवा ओढतोय, ती बाजूनं आत शिरती, गोल फिरती. धूळ जड, ती भिंतीला लागती. घासत घासत जोर मोडतो, खाली पिंपात पडती. हवा हलकी, ती मधनं वर निघून जाती. ह्यात हलणारं काय न्हाय, फाटणारं काय न्हाय, बदलायचं काय न्हाय. पत्रा आणि वारा. झालं."

त्या उन्हाळ्यात आम्ही फेटलिंग शेडसाठी दोन सायक्लोन केले. आण्णा, मी आणि एक वेल्डर. दोन महिने लागले. निमुळत्या भागाचा पत्रा गोल वळवताना आण्णा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. प्रत्येक स्टँडमागे धूळ ओढणारं तोंड बसवलं, पाइप टाकले. पंखा सुरू केला त्या दिवशी सगळे काम सोडून उभे होते. एक तास झाला. शेडचं दुसरं टोक दिसायला लागलं. तिथे भिंतीवर घड्याळ होतं, हे मला तेव्हा कळलं.

आण्णा शेडमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. प्रत्येक स्टँडपाशी थांबून म्हणाले, "सोडा आता टॉवेल. आत धूळ हाय कुठं? घोड्यागत तोंड बांधून कशाला बसतासा?"

बाराही जणांनी टॉवेल सोडले. येल्लाप्पाने तर आपला टॉवेल आण्णांच्या गळ्यात घातला, सत्काराच्या शालीसारखा. दिवसभर तो टॉवेल आण्णांच्या गळ्यात तसाच होता.

त्याच वर्षी खंडेनवमीला मी एक चूक केली. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. यंत्राला हळदकुंकू लावतात, हार घालतात, नारळ फोडतात. त्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मुहूर्त करून सुरू करतात. सायक्लोनची पूजा आण्णांनी मला सांगितली. मी पिंप बाजूला करून, खालची झडप उघडून आतही कुंकू लावलं. देवाच्या पायाशी फोडतात तसा नारळ झडपेच्याच कडेवर फोडला. पाणी आत उडालं, मला बरं वाटलं.

दसऱ्याला सकाळी पंखा सुरू झाला. धाकट्या मालकांनी त्याच दिवशी नवी पांढरी गाडी आणली होती, झेंडूचा हार घालून ऑफिससमोर उभी केली होती. अर्ध्या तासात गाडी काळी. सायक्लोनच्या वरच्या धुराड्यातून सगळी धूळ बाहेर पडत होती, पिंपात मूठभरसुद्धा नाही. मालक धावत आले. बायकोला दिवस गेलेले, नोकरीला वर्ष झालं नव्हतं.

आण्णांनी उदबत्ती पेटवली, खाली झडपेपाशी धरली. धूर भसकन आत. त्यांनी पंखा बंद करायला लावला, झडपेत हात घातला आणि करवंटीचा एक तुकडा काढला. बोटभर लांबीचा. त्याने झडप पूर्ण मिटत नव्हती. तिथून हवा आत ओढली जात होती आणि खाली पडणारी धूळ उचलून पुन्हा वर नेत होती.

आण्णांनी तो तुकडा मालकांना दाखवला नाही. खिशात टाकला. "झडप सैल झालती," म्हणाले. "माझ्या ध्यानात आलं न्हाय."

मालक गेल्यावर मला म्हणाले, "देवाला नारळ दिलास, बरं केलास. सायक्लोनला कशाला चारलास रं?"

मी रडायच्या बेताला आलो होतो. ते म्हणाले, "आता एक शिक. वर मोठं भोक पडलं तरी चालतंय, खाली केसाएवढी फट चालत न्हाय. जा, गाडी धू."

मी दोन तास गाडी धुतली. ते मध्ये येऊन नळी धरून उभे राहिले.

पुढच्या वर्षी पुण्याहून एक इंजिनियर आला. तरुण होता, चांगला होता. कुठल्याशा कंपनीचे फिल्टर विकायचा. त्याने शेडमध्ये फिरून सगळं बघितलं. आण्णांच्या सायक्लोनची त्याने स्तुती केली, वेल्डिंगवर हात फिरवला. मग धाकट्या मालकांसमोर म्हणाला, "सायक्लोन जाड धूळ चांगली धरतो. पण एकदम बारीक धुळीला वजनच नसतं. ती भिंतीला लागत नाही, हवेबरोबर वळते आणि वरून निघून जाते. काही इथेच शेडमध्ये राहते. याच्यापुढे कापडी पिशव्यांचा फिल्टर लावा, आणि स्टँडवरचं ओढणं वाढवा."

त्याने शेडचं दार लावून बॅटरी पेटवली. उजेडाच्या पट्ट्यात बारीक बारीक काहीतरी तरंगत होतं.

आण्णा म्हणाले, "एवढी धूळ देवळातबी दिसती."

मालकांनी विचारलं, "आण्णा, तुम्ही सांगा. घ्यायचा?"

मी शेजारी उभा होतो. आण्णांनी विचार केला नाही. "कापड आज हाय, उद्या फाटलं," ते म्हणाले. "शेडमदी दिसालंय का काय? मग कशाला?"

मालकांना ते ऐकायचंच होतं. इंजिनियरने चहा घेतला आणि गेला. गेटबाहेर त्याची गाडी वळेपर्यंत आण्णा बघत होते. "कापडी माणूस," म्हणाले. मी हसलो.

त्यानंतर दोन वर्षं काही झालं नाही. म्हणजे आम्हांला तसं वाटलं.

येल्लाप्पा खोकायला लागला ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो खोकतानाही बोलायचा. मग सायकल सोडून बसने यायला लागला. चढावर दम लागतो म्हणाला. गावच्या डॉक्टरने टीबीची औषधं दिली, सहा महिने. काही फरक नाही. पुन्हा सहा महिने. त्याचा शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. मग आण्णा त्याला बेळगावात छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याला धरून रिक्षात चढवायला मी बरोबर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पडद्यावर फोटो बघितला आणि आधी विचारलं, "काम काय करता?"

येल्लाप्पा म्हणाला, "लोखंडाची दाढी करतो, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. टीबी नाही म्हणाल्या. वाळूची धूळ फुप्फुसात बसली आहे, ती निघत नाही. काम आजपासून बंद. औषधाने दम थोडा कमी वाटेल, बरं होणार नाही.

आण्णा म्हणाले, "पण आमच्या शेडमदी धूळ न्हाय, बाई. सायक्लोन हाय. मी केलोय."

"डोळ्याला दिसते ती धूळ नाकाघशात अडकते, काका. खोकून निघून जाते. छातीत उतरते ती दिसत नाही."

"ती धरायची कशी मग?"

"कारखान्यात कापडाचे फिल्टर लावतात, एवढं माहीत आहे. त्यातलं मला फार कळत नाही."

"मला कळतंय," आण्णा म्हणाले. मग म्हणाले, "कळतंय म्हणायचो."

येताना रिक्षात येल्लाप्पा म्हणाला, "आण्णा, तुमचा सायक्लोन चांगला हाय. माझं मडकंच कच्चं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो तर आण्णा पाण्याचं कापड सोडून हातात धरून उभे होते. धुतलं नव्हतं. उलटं करून उजेडात बघत होते.

"परशा, ह्यात काय दिसालंय?"

"काय न्हाय."

"मलाबी कधी दिसलं न्हाय. पन्नास वर्षं झाली गाळतोय." त्यांनी कापड पिळलं नाही, तसंच हौदाकडे नेलं. येताना म्हणाले, "पाण्याला कापड बांधलो. हवेला नको म्हटलो."

त्याच दुपारी ते ऑफिसात गेले. पाइपाचं माप लागेल म्हणून मला वही घेऊन बरोबर नेलं होतं. मालक वाईट माणूस नव्हते. येल्लाप्पाचं ऐकून त्यांनी खुर्ची मागे सरकवली, औषधपाण्याचं बघतो म्हणाले. फिल्टरचं निघाल्यावर म्हणाले, "आण्णा, तेव्हा मी तुम्हांला विचारलं होतं. तुम्हीच नको म्हणालात."

"व्हय. मी नको म्हटलो."

"आता नवी भट्टी घेतोय. पुढच्या वर्षी बघू."

"तवर अकरा माणसं बसल्यात तिथं."

"मास्क देऊ. चांगले देऊ."

"द्या. आणि फिल्टर?"

"पुढच्या वर्षी म्हटलं ना, आण्णा."

आण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "येल्लाप्पाचं स्टँड रिकामं हाय," म्हणाले. "उद्यापासनं मी बसतो तिथं. फिल्टर सुरू झाला की उठतो."

मालकांना ती चेष्टा वाटली. मलाही.

सकाळी आठला आण्णा येल्लाप्पाच्या स्टँडवर बसले होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. ग्राइंडर त्यांना येत होता. आधी ते शेडमधून फिरून आले. त्या दिवशी टॉवेल सोडा म्हणून फिरले होते, तसेच. प्रत्येकापाशी थांबून म्हणाले, "मी चुकीचं सांगिटलो. बांधा. मास्क आला की मास्क बांधा. माझ्या बोलण्यावर जाऊ नका."

एकजण म्हणाला, "आण्णा, चार वर्षं झाली की." त्यात राग नव्हता. त्याने टॉवेल बांधला आणि कामाला लागला.

धाकट्या मालकांनी सुपरवायझरला पाठवलं, मग मोठ्या मालकांना, मग स्वतः आले. देखभाल कोण बघणार? आण्णा म्हणाले, "परशराम बघतोय. त्याला सगळं येतंय." मला सगळं येत नव्हतं. रोज रात्री मला वाटायचं, उद्या काहीतरी फुटणार. सकाळी मी आण्णांच्या स्टँडपाशी जाऊन विचारायचो, ते ग्राइंडर न थांबवता बोटांनी सांगायचे. एकदा मी औषधाच्या दुकानातून भारी मास्क आणून त्यांना दिला. दुपारी बघतो तर तो शेजारच्या स्टँडवरच्या माणसाच्या तोंडाला. कारखान्याचे मास्क आले तेही सगळ्यांना पुरेपर्यंत त्यांनी घेतले नाहीत.

शनिवारी ते निपाणीला जायचे थांबले. रविवारी येल्लाप्पाकडे जायचे. मी एकदा गेलो बरोबर. येल्लाप्पा भिंतीला टेकून बसला होता, झोपलं की गुदमरायचा म्हणून बसूनच असायचा. आण्णा त्याच्याजवळ जमिनीवर बसले. दोन तास. येल्लाप्पाला आता बोलवत नव्हतं. त्याने खुणेने बायकोला आतून काहीतरी आणायला सांगितलं. तिने ताटलीत कांदा आणला आणि ओशाळून उभी राहिली. येल्लाप्पाने तो आण्णांसमोर सरकवला. आण्णांनी मान खाली घातली. ते हसत होते की काय ते मला दिसलं नाही.

मार्गशीर्षात येल्लाप्पा गेला. आण्णा मातीला जाऊन आले, अंघोळ केली आणि दुपारच्या पाळीला पुन्हा स्टँडवर बसले. शेडमधला कुणीच त्या दिवशी जेवला नाही, पण काम चालू होतं. मला काही वाटत नव्हतं. मी झडपांना ग्रीस लावत होतो.

पुढचं मला फोनवरून कळलं. मी इकडे आल्यावर सात महिन्यांनी फिल्टर बसला. नव्या भट्टीच्या आधी बसला, हे खरं. आण्णांमुळे बसला की शेडमधले आणखी दोघे खोकायला लागले म्हणून, ते मला माहीत नाही. पंखा सुरू झाल्यावर आण्णांनी चार तास बसून बघितलं, नवीन माणसाला पिशव्या कशा झटकायच्या ते विचारलं आणि घरी गेले. परत कामावर आले नाहीत. आता निपाणीत असतात. मी फोन करतो तेव्हा बहुतेक वेळा काकू उचलतात. म्हणतात, बसल्यात, बोलायला दम लागतोय, तू बोल, ते ऐकत्यात. मी बोलतो. इकडचं ऊन, जेवण, मुलगी शाळेत जायला लागली. पलीकडे त्यांच्या श्वासाचा आवाज येतो.

पण मला ते शेवटचे दिसले ते असे.

ओमानला यायचं तर मुंबईत मेडिकल असतं, छातीचा फोटो नापास झाला तर जाता येत नाही. ती नोकरी हातची जाईल म्हणून मला झोप नव्हती. मीही पंधरा दिवस त्या शेडमध्ये ग्राइंडर चालवला होता, आणि नंतर पाच वर्षं रोज आत-बाहेर. म्हणून मी आधीच बेळगावात स्वतःच्या पैशाने फोटो काढून घेतला. तिथल्या माणसाने बघून सांगितलं, काही नाही, जा. तरी माझा विश्वास बसेना. फोटो पिशवीत घालून मी थेट फौंड्रीत गेलो, निरोप घ्यायचा होता म्हणून.

आण्णा स्टँडवर होते. टोपी काढून ठेवलेली, तोंडाला टॉवेल, भुवया राखेसारख्या. मला बघून त्यांनी ग्राइंडर बंद केला. दगड फिरायचा थांबल्यावर म्हणाले,

"फोटो काढलास?"

"काढलो."

"कसा आला?"

"साफ म्हणाला."

त्यांनी हात पुढे केला. मी पिशवी दिली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे पँटला पुसले, फोटो कडेने धरून बाहेर काढला आणि उठून शेडच्या दाराशी गेले. तिथे उजेड होता. फोटो वर धरला. ते कितीतरी वेळ बघत होते. मी शेजारी उभा होतो, आणि मला भीती वाटत होती की ते आता बोट ठेवून म्हणतील, हे काय आहे.

त्यांनी मागे वळून आजूबाजूच्या स्टँडवरच्या दोघांना हाक मारली.

"हिकडं या रं. बघा. छाती अशी असती."

दोघे येऊन बघून गेले. एकाने मान हलवली. आण्णांनी फोटो पिशवीत सरकवला आणि माझ्या हातात दिला.

"घडी घालू नको," म्हणाले.

मग स्टँडवर जाऊन बसले, टॉवेल नाकावर ओढला आणि बटण दाबलं.